म्हातारीचं दूध

“म्हातारीला दूध किती लागतं?” मी विचारलं.

“लागतंय तेवढं लागतंय.”

“तेवढं म्हणजे किती, वहिनी? मला आकडा लिहायचाय.”

वहिनींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि भगुण्यावरचं झाकण उचलून वाफेत डोकावल्या. भगुण्यात तांदळाच्या कण्या शिजत होत्या, त्यात चिलापी माशांची डोकी. वासानं माझीसुद्धा भूक चाळवली होती.

“पावशेर सकाळी, पावशेर सांजच्याला. लिवा. दात ऱ्हायले न्हाईत तिला. भाकरी दुधात कुस्करली तरच खाती.”

मी लिहिलं. म्हातारी म्हणजे एक कुत्री. तिच्याशिवाय टिक्या, भुऱ्या, पाखऱ्या आणि चांदी. पाच कुत्र्यांचा महिन्याचा खर्च काढण्यासाठी मी पुण्याहून एस.टी.नं आलो होतो आणि धरणाच्या फुगवट्यालगत, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळावर, एका खोपटासमोर वही घेऊन बसलो होतो.

ही गोष्ट आता वीस-बावीस वर्षांची झाली. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. आलेली बातमी तपासायची, आकडे जुळतात का बघायचं, दुपारी चारला हातात आलेला कागद रात्री छापायला सोडायचा, हे माझं काम. त्यामुळे सासरी माझ्याबद्दल एक समज झाला होता की, जावई हिशोबाला पक्का आहे आणि कुणाची बाजू घेत नाही. दोन्ही मेहुण्यांची जमीन एकत्र होती. थोरले भानुदासदादा आणि वहिनी जमीन कसत होते, धाकट्या हणमंतरावांचं तालुक्याला खताचं दुकान होतं. पैशाचा व्यवहार हणमंतराव बघत. त्या व्यवहारात दर महिन्याला ‘कुत्री’ अशी एक रक्कम पडत होती आणि ती त्यांच्या डोळ्यांत खुपत होती.

त्याच दिवशी दुपारी दुकानात त्यांनी मला चहा पाजून सगळं समजावलं होतं.

“जावईबापू, मी काय कंजूष माणूस न्हाई. एक कुत्रं ठेवा, दोन ठेवा. पाच कशाला? राजाची शिकार हाय का? तुम्ही जाऊन नीट आकडा काढा. उद्या सकाळी मी टेम्पो घेऊन येतो. एक ठेवू, चार माझ्या मित्राच्या पोल्ट्रीवर पाठवू. तिथं बी खाऊन-पिऊन सुखात ऱ्हातील.”

“दादांशी बोललात का?”

हणमंतरावांनी बशीतला चहा संपवला. मग रुमालानं तोंड पुसत म्हणाले, “दादा माझ्याशी बोलत न्हाई. चार वर्षं झाली. मंदानं सांगितलं नसंल तुम्हाला.”

मंदा म्हणजे माझी बायको, या दोघांची बहीण. तिनं सांगितलं होतं, पण मी नाही म्हणालो. माणूस आपली गोष्ट आपल्या तोंडानं कशी सांगतो, ते ऐकायची मला सवय होती.

“आबांच्या तेराव्याच्या दिवशी. पंगत बसली होती. वाटणीचा विषय मी आदल्या रात्री काढला होता, चुकलं माझं, मान्य. पण पंगतीत मी त्याला मागनं हाक मारली. एकदा न्हाई, तीनदा. ‘दादा, जेवायला बस.’ सगळं गाव बघत होतं. त्यानं मान वळवली न्हाई. तसाच चालत मांडवाबाहेर गेला. तवापासून अबोला. लग्नकार्यात समोर आला तर हसतो. बोलत न्हाई. त्याच्या न बोलण्यापेक्षा जावईबापू, ते हसणं जास्त लागतं मला.”

ते एवढं सांगून गिऱ्हाइकाकडे वळले. युरियाचं पोतं उचलताना त्यांचा आवाज पुन्हा दुकानदाराचा झाला होता.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. टेम्पोचंही सांगितलं. त्या माझ्या बायकोपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या, उंच, काळ्यासावळ्या. बोलताना हातवारे फार. माझं ऐकताना मात्र त्यांचे हात थांबले.

“पाचातलं एक बी जायाचं न्हाई,” त्या म्हणाल्या.

“कारण काय सांगू?”

“कारण न्हाई.”

“कारण नाही म्हटलं तर हणमंतराव ऐकतील का? चोरीची भीती सांगू? मोटरीच्या केबली चोरीला जातात म्हणे इकडं.”

“सांगा की.”

“पण त्याला एक कुत्रं पुरेल, असं ते म्हणणार. निदान त्या म्हातारीचं काय? दात नाहीत, धावत नाही, दूध पिते.”

“पाव्हणं,” वहिनी म्हणाल्या, “चार न्या म्हनलं तरी येक डाव मी इचार करीन. पर म्हातारीला हात लावू द्याची न्हाई. लिवा तुमच्या वहीत.”

तेवढ्यात पाण्याकडून दादा आले.

त्या वेळी सूर्य मावळतीला टेकला होता आणि फुगवट्याचं पाणी जिथं संपतं आणि गाळ जिथं सुरू होतो ती रेघ पुसून गेली होती. पाणी, गाळ, कलिंगडाचे वेल, सगळं एकाच तांबूस रंगाचं. त्यातून एक माणूस चालत येत होता आणि त्याच्याभोवती कुत्री होती. कुत्री चालताना जशी हुंदडतात, हुंगतात, मागंपुढं होतात, तशी ही नव्हती. एक पुढे, एक मागे, एक-एक दोन्ही अंगांना, आणि ती पांढरी चांदी दादांच्या पायाला घासत. वरात चालावी तशी ती सगळी संथ चालत होती. दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, हजारभर तरी असतील. मला क्षणभर वाटलं, मी हे बघत नाहीये, मला हे कुणीतरी सांगतंय.

टिक्यानं मला पाहिलं आणि थांबला. बाकीची थांबली. मग दादा थांबले आणि त्यांनी टिक्या बघत होता तिकडं पाहिलं.

“राम राम, दादा,” मी म्हणालो.

“मंदाचं मालक आल्यात,” वहिनी म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी हनुवटीला बोट लावलं, मंदाच्या हनुवटीवर तीळ आहे तिथं.

दादांचा चेहरा उजळला. त्यांनी हात जोडले. “मंदा बरी हाय?” त्यांचा आवाज अगदी हळू होता, शेजारी झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये तसा.

बरी आहे म्हणून मी मान हलवली. माणूस तर चांगला बोलतो, मी मनात म्हटलं. म्हणजे राग फक्त भावावरच.

जेवताना मी सरळ विचारलं, “दादा, इतकी कुत्री कशासाठी ठेवलीत?” ते भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत होते. त्यांनी तो बुडवला, खाल्ला, दुसरा तोडला.

“जेवताना बोलत न्हाईत ते,” वहिनी म्हणाल्या.

मी वहीत काही लिहिलं नाही. पण उत्तर न देणं हेही एक उत्तरच असतं, असं तेव्हा मी मानत असे.

जेवण झाल्यावर वहिनींनी कुत्र्यांना वाढलं. पाच जर्मनच्या थाळ्या, पाच जागी, खोपटाच्या चारी बाजूंना आणि एक दाराशी. दादा बाजेवर बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. अंधार अजून पुरता पडला नव्हता. लांब पाण्यातून एक काळं टोक वर आलं होतं.

“ते काय आहे?” मी बोट केलं.

“देऊळ,” दादा म्हणाले. “जुन्या गावाचं. म्या तिथंच जल्मलो. पानी उतरलं की कळस दिसतो. अजून उतरलं की दीपमाळ.” त्यांनी घोंगडं खांद्यावर ओढून घेतलं. “गाव मेलेलं न्हाई, पाव्हणं. राती चक्कीचा आवाज येतो. पुक्, पुक्, पुक्, पुक्. गणूशेटची चक्की हुती देवळामागं. ती चालती अजून. आत्ता बी चाललीय.”

मी कान दिला. पाण्यावरून वारा येत होता, पक्ष्यांचा कलकलाट लांबून येत होता. चक्कीचा आवाज मला काही आला नाही. पण दादांच्या चेहऱ्याकडे बघून मी मान हलवली आणि अजून थोडा वेळ तसाच बसलो. दळायला गर्दी झालेली, पिठानं पांढरा झालेला एक माणूस, डोक्यावर पाट्या घेऊन उभ्या बायका, आणि वरून सगळ्यांच्या अंगावर हिरवट पाणी. ते चित्र डोळ्यांसमोर इतकं स्पष्ट आलं की, हिशोबाची वही मी मिटून टाकली.

झोपताना पाहिलं. दादांच्या बाजेवर, त्यांच्या पायाला पाठ लावून, म्हातारी मुटकुळं करून पडली होती. एवढे लाड, मी मनात म्हटलं. उद्या हणमंतरावांना हे सांगितलं तर ते कपाळावर हात मारतील.

सकाळी डोळे उघडले तेव्हा जग नव्हतं. धुकं होतं. खोपटाचं दार मला दिसत होतं, त्यापुढं चूल, आणि चुलीच्या पुढं काही नाही. दादांची बाज रिकामी होती. वहिनी म्हशीची धार काढायला वर बांधावरच्या घरी गेल्या होत्या. मी तोंड धुतलं आणि आकडे जुळवले. ज्वारी, दळण, कण्या, दूध, तेल-हळद, गोचिडांची पावडर, वर्षाच्या सुयांचा महिन्याचा वाटा. माशांची डोकी फुकट, कारण कोळी त्याबदली कलिंगडं न्यायचे. सातशे चाळीस रुपये. तेव्हाच्या मानानं ही रक्कम थोडी नव्हती. बरोबर होती, आणि हणमंतरावांच्या बाजूनं होती.

टेम्पोचा आवाज आधी आला, मग धुक्यातून दोन पिवळे डाग. हणमंतराव केबिनमधून उतरले. कानाला मफलर, हातात पिशवी. बरोबर बबन नावाचा ड्रायव्हर.

“किती निघाला?”

मी आकडा सांगितला.

“सातशे चाळीस!” ते बबनकडे वळले. “ऐकलंस? यवढ्यात एक बाई महिनाभर खुरपाया येती. आन् हितं काय? भुंकणार ते भुंकणार.”

कुत्री मात्र भुंकत नव्हती. आवाज ऐकून ती धुक्यातून एकेक करून वर आली होती आणि लांब उभी होती. बबननं पिशवी उघडली. पोल्ट्रीतली कोंबड्यांची आतडी. टिक्या आधी आला. मग भुऱ्या, मग पाखऱ्या. टेम्पोच्या हौद्यात टाकलेल्या आतड्यांवर ती तुटून पडली. चांदी बराच वेळ पाण्याकडे मान वळवून बघत होती. शेवटी तीही चढली. म्हातारीला बबननं दोन्ही हातांनी उचलून ठेवलं. तिनं त्याचा हात चाटला.

“पाचही नेणार?” मी विचारलं.

“न्हाई हो. आता खाली दादाकडं जायचं. कुठलं एक ठेवायचं ते त्यानं सांगायचं.” हणमंतरावांनी मफलर सारखा केला. “तोंडानं सांगायचं. काळं का पांढरं, एवढं एक अक्षर बोलला तरी बास. मी कुत्र्यांसाठी आलो न्हाई, जावईबापू.”

ते केबिनमध्ये चढले. मी मागं हौद्यात कुत्र्यांबरोबर उभा राहिलो, केबिनच्या टपावर हात टेकून.

गाळावरून टेम्पो उतरणीला लागला. रात्रीच्या दवानं वरचा थर साबणासारखा झाला होता. आतडी संपली तशी कुत्र्यांना आपण हलतोय हे कळलं आणि त्यांनी ओरडायला सुरुवात केली. आधी भुऱ्या, मग सगळी. एवढा वेळ मुकी असलेली ती जनावरं आता अशी किंचाळत होती की, माझ्या कानात दडे बसले. बबन हॉर्न वाजवत होता. धुकं खाली जरा विरळ झालं आणि मला दादा दिसले.

वाटेच्या बरोबर मधोमध उभे होते. आमच्याकडे पाठ. खांद्यावर घोंगडं.

“बघा, बघा!” केबिनच्या खिडकीतून हणमंतरावांचा आवाज आला. “आडवा हुबा ऱ्हायलाय. बोलायचं न्हाई पण आडवं यायचं! वाजव रं हॉर्न.”

बबननं हॉर्न धरून ठेवला.

“हटत न्हाईत, शेठ.”

“घाल पुढं. हटंल आपोआप. दादा! ए दादा!”

दादा हलले नाहीत. मी टपावरून वाकून बघत होतो. आडवा आलेला माणूस समोर तोंड करून येतो, एवढं मला त्या क्षणी सुचलं. मग दिसलं की, ते काहीतरी बघत होते. पाण्यावरचं धुकं एका जागी फाटलं होतं आणि त्या फटीतून पक्ष्यांचा अख्खा थवा एका वेळी उठत होता, गुलाबी, मग पांढरा, मग पुन्हा गुलाबी. दादांनी चेहरा थोडा वर केला. हात मागं बांधलेले होते आणि बोटं सैल होती. माझ्या पायाशी त्यांची पाच कुत्री जिवाच्या आकांतानं ओरडत होती आणि त्या माणसाच्या एका बोटालाही ते कळलं नव्हतं.

डावीकडं बांधावरून वहिनी येताना दिसल्या. कमरेवर धारेची चरवी. त्यांनी टेम्पो पाहिला, दादांना पाहिलं. हाक मारली नाही. तोंडही उघडलं नाही. चरवी टाकली आणि धावत सुटल्या.

नवऱ्याच्या अंगावर गाडी येतीय आणि बायको हाक मारत नाही.

“थांबव!” मी टपावर मुठी आपटल्या. बबननं ब्रेक दाबला. चाकं थांबली, टेम्पो थांबला नाही. तो गाळावरून तसाच, आवाज न करता, होडीसारखा घसरत राहिला. मी मागं वळून फळीची साखळी काढली. फळी पडली आणि कुत्री माझ्या पायांवरून उड्या मारून गेली.

चांदी सगळ्यांत आधी पोचली. ती भुंकली नाही. तिनं दादांच्या पोटरीला अंग लावून त्यांना बाजूला रेटलं. दादांनी खाली पाहिलं. मग चांदी जिकडं बघत होती तिकडं पाहिलं. त्यांनी एक पाऊल बाजूला घेतलं आणि टेम्पो त्यांच्या घोंगड्याला घासून, कलिंगडाच्या वेलात चाक रुतवून थांबला.

वहिनी दहा पावलांवर येऊन थबकल्या होत्या, छाती भात्यासारखी हलत होती. केबिनचं दार उघडलं. हणमंतराव पायरीवर उभे राहिले, पांढरेफटक.

दादांनी त्यांना पाहिलं. आणि हसले. आदल्या दिवशी माझ्या बायकोचं नाव कळल्यावर हसले होते, अगदी तसंच.

“हणमा!” ते म्हणाले. “कवा आलास?”

हणमंतराव पायरीवरून उतरले ते सरळ गाळात. चपला तिथंच रुतून राहिल्या. ते दादांपाशी गेले, वाकायला गेले आणि वाकताच आलं नाही म्हणून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले. एवढा मोठा दुकानदार, बबनसमोर, हुंदके देऊन.

“चार वर्षं रं दादा, चार वर्षं. तीन हाका मारल्या मी तुला. माझं चुकलं, वाटणी नको मला, काय नको. पर तू बोलला न्हाईस. एकदा तरी शिवी द्यायचीस…”

तोंड दादांच्या घोंगड्यात होतं. दादा त्यांच्या पाठीवर थोपटत होते आणि त्यांच्या खांद्यावरून वहिनींकडे बघत होते. डोळ्यांत एक प्रश्न होता. काय म्हणतोय हा? वहिनींनी डोळे पुसले, मग दोन्ही हात छातीशी नेऊन हळूच मिटले. दादांनी मान हलवली.

“बारीक झालास,” ते भावाला म्हणाले. “च्या घिऊन जा.”

चहा झाला. हणमंतराव बाजेवर दादांना चिकटून बसले होते आणि सारखे बोलत होते, दुकानाचं, मुलाच्या दहावीचं. दादा त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत हसत होते, मधूनच मान हलवत होते. एक धाकटा भाऊ बोलतोय आणि थोरला ऐकतोय, असंच कुणालाही वाटलं असतं.

मी कप विसळायला वहिनींच्या मागं गेलो.

“कधीपासून?” मी विचारलं.

वहिनी राखेनं भगुणं घासत राहिल्या. “आबा गेलं त्याच्या आदल्या साली. ताप आला हुता मोठा. सुया दिल्या. ताप गेला, कान बी घिऊन गेला. आधी थोडं ऐकू याचं. तेराव्यापर्यंत पार गेलं.”

“मग पंगतीतल्या त्या हाका…”

“त्यास्नी कुठं कळल्या? मला घरी आल्यावर हणमंतभावजींनी रागानं सांगितलं, तवा मला कळलं. म्या म्हनलं, आसू द्या. अबोला तर अबोला.”

“सांगायचं होतं, वहिनी. त्यांनी डॉक्टर केला असता. तुम्हाला आधार झाला असता.”

“केला असता,” त्या म्हणाल्या. “पुन्याला नेलं असतं. मंग घरी. भावजी मायाळू हाईत. यास्नी पाण्यावर एकटं ऱ्हाऊ दिलं नसतं. जमीन वाट्यानं लावली असती आन् यास्नी दुकानाम्होरं खुर्चीवर बसवलं असतं. येनारं-जानारं म्हनलं असतं, बहिऱ्याला चा द्या.” त्यांनी भगुणं पालथं घातलं. “रागावलेल्या माणसाला कुनी उचलून नेत न्हाई, पाव्हणं. बहिऱ्याला नेत्यात.”

खोपटाच्या चारी बाजूंच्या त्या थाळ्या मला आता दिसत होत्या. टिक्या वाटेकडं तोंड करून बसला होता, पाखऱ्या पाण्याकडं, भुऱ्या बांधाकडं. चांदी दादांच्या पायाशी.

“आणि म्हातारी?”

“रातीला ती उठली की त्यास्नी जाग येती. अंगाला लागून असती ना. साप आला, चोर आला, म्हशीनं दावं तोडलं, ती आधी उठती. दात कशाला पायजेल तिला?” वहिनींनी पदर खोचला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. “तुमी पेपरवालं. तुमचं काम सांगायचंच हाय. पर हे सांगू नका. मंदाला सुदिक न्हाई. त्यांचं हितलं दिस तेवढं हितं जाऊ द्या.”

“हणमंतरावांनी विचारलं तर?”

“इचारत न्हाईत. आता भाऊ बोलला न्हवं त्यांचा.”

तिकडून हणमंतरावांची हाक आली. “जावईबापू! काय आकडा म्हणालात? सातशे चाळीस ना? माझ्या वाट्याला लिवा सगळा. आजपासून. कुत्र्यांवर दादाचा जीव हाय, मला काय माहीत!”

मी लिहिला.

पुण्याला परतल्यावर मंदानं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, अबोला सुटला, कुत्री राहिली. दोन्ही खरं होतं. पुढं कित्येक वर्षं रोज रात्री मी लोकांच्या बातम्या छापायला सोडल्या, त्यात ही कधी नव्हती.

आता राहिली एवढीच गोष्ट. पुढच्या वर्षी माघात हणमंतराव आणि मी पुन्हा तिकडं गेलो. या वेळी बोलावणं त्यांचंच होतं. कलिंगडं धरली होती. सकाळी तसंच धुकं होतं. त्यांनी गाडी वर बांधावरच थांबवली.

“खाली नेत नाही?” मी विचारलं.

“चालू की. तेवढंच पाय मोकळं होत्यात.”

आम्ही उतरणीवरून चालत निघालो. खाली दादा वेलात वाकलेले दिसले, आमच्याकडं पाठ होती. टिक्या आमच्याकडं बघत उभा राहिला. मी सवयीनं हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात हणमंतरावांनी माझं कोपर धरलं आणि वाट सोडली. धोतर सावरत, वेल तुडवू नयेत म्हणून एकेक पाऊल जपून टाकत, ते मला मोठा वळसा घालून पाण्याच्या अंगाला घेऊन चालले. त्यांचे बूट गाळानं भरले. ते दादांच्या समोर येऊन, दहा पावलांवर, नुसते उभे राहिले.

चांदीनं अंग लावलं. दादांनी मान वर केली.

“हणमा! कवा आलास?”

“आत्ताच,” हणमंतराव म्हणाले. ते हळू बोलले, ओठ नीट हलवत, मफलर हनुवटीखाली ओढून.

ते केव्हा समजले, कसे समजले, मी विचारलं नाही. वहिनी चुलीपाशी कण्या शिजवत होत्या. थाळ्या चारच होत्या. म्हातारी दिवाळीच्या सुमारास गेली, असं त्यांनी सांगितलं.

“मग आता आकड्यातलं दूध काढतो,” मी म्हणालो. वही खिशातच होती.

हणमंतराव बाजेवर बसून बुटांचा गाळ काडीनं खरवडत होते. वर न बघताच म्हणाले, “राहू द्या दूध. आमच्या तिकडच्या गल्लीतली एक बघून ठेवलीय. दोन रात्री घरात ठेवून घेतली मी तिला.” त्यांनी काडी फेकली. “अंगाला पाठ लावून झोपती.”

वहिनींच्या हातातली पळी भगुण्यावर तशीच राहिली.